काकू, रोबो आणि गंगाधरपंत

“अगं, पावणेतीन तास नुसती वाळू! वाळू, वाळूतलं ते अजस्र जनावर, त्याच्यावर स्वार झालेला पोरगा. नातवानं हट्टानं बसवलं म्हणून बसले. शेवटी लसूण सोलायला घेतला.”

‘ड्यून’च्या दुसऱ्या भागाचं हे परीक्षण भिंतीपलीकडच्या काकूंचं. सांगलीत मे महिन्यात सहाच्या आधी कुणी अंगणात येत नाही आणि सहानंतर कुणी घरात थांबत नाही. आमच्या दोन घरांमधली भिंत कोपर टेकायला बेताची उंच आहे. मला विज्ञानकथांचं वेड शाळेपासूनचं. काकूंना ते पक्कं ठाऊक असल्यामुळे मला डिवचायचं असलं की त्या हाच विषय काढतात.

“काकू, लसणाच्या नादात तुमची एक गोष्ट सुटली. अख्ख्या सिनेमात कॉम्प्युटर कुठे दिसला का तुम्हाला?”

काकूंनी डोळे बारीक केले. “नाही खरं. एवढी विमानं, एवढी हत्यारं. मग हिशेब कोण करतं?”

“माणसं करतात. त्यासाठी लहानपणापासून तयार केलेली माणसं असतात, त्यांना मेंटाट म्हणतात. मूळ कादंबरीत असं आहे की हजारो वर्षांपूर्वी लोकांनी विचार करणाऱ्या यंत्रांविरुद्ध बंड केलं आणि माणसाच्या मनासारखं यंत्र बनवायचं नाही, असं धर्मातच लिहून टाकलं. फ्रँक हर्बर्टनं हे १९६५ साली छापलंय. आणि नवे दोन्ही सिनेमे बघा, या बंडाचा खुलासा पडद्यावर जवळजवळ नाहीच. वाळू मात्र कणाकणानं दाखवलीय.”

“मग तेच दाखवायचं ना मेल्यांनी! आमच्याकडे सध्या नातू पोह्यात मीठ किती घालायचं हेसुद्धा त्या चॅटबॉटला विचारतो.”

आता काकूंना रस आला हे बघून मी पुस्तकाची आतली बातमी पुढे सरकवली. ‘ड्यून’ विसाहून जास्त प्रकाशकांनी परत पाठवली होती. शेवटी ती काढली चिल्टन नावाच्या प्रकाशकानं, आणि चिल्टनची ख्याती कशासाठी, तर मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी! पुढे १९७०च्या दशकात होडोरोव्स्की नावाच्या दिग्दर्शकानं तिच्यावर सिनेमा काढायचा घाट घातला. सम्राटाच्या भूमिकेत कोण, तर चित्रकार साल्वादोर दाली. सगळं कागदावर सजलं आणि पैशांपाशी अडलं. मग १९८४ साली डेव्हिड लिंचनं खरोखरच काढला. तो इतका फसला की टीव्हीसाठी त्याची लांबवलेली आवृत्ती केली गेली, तेव्हा लिंचनं स्वतःचं नाव काढून घेतलं. तिथे दिग्दर्शक म्हणून एक टोपणनाव झळकतं.

“आणि ती वाळू सुचली कुठून माहितीय? हर्बर्ट मूळचा पत्रकार. अमेरिकेत ओरेगनच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या सरकत सरकत रस्ते आणि घरं गिळत होत्या. सरकार त्यांच्यावर गवत लावून त्यांना थोपवत होतं. त्यावर लेख लिहायला हा गेला, आणि लेख राहिला बाजूला.”

“म्हणजे आपल्या कोकणात किनाऱ्यावर सुरू लावतात तसंच की.”

“अगदी तसंच.”

“मग त्या सुरूच्या बनात बसून आपल्या कुणाला नाही सुचलं ते?” काकूंनी असा प्रश्न टाकला आणि नळ बंद करायला गेल्या. याचं उत्तर द्यायला मला त्या दिवशी अंधार पडेपर्यंत वेळ लागला. ते पुढे येईलच.

परत आल्या त्या दुसराच विषय घेऊन. “तो काळा नट आहे ना, रोबो त्याच्या मागे लागतात, तो सिनेमा परवा टीव्हीवर होता. तो तरी पुस्तकासारखा आहे का?”

‘आय, रोबो’, २००४ सालचा, विल स्मिथचा. माझी दुखरी नसच दाबली त्यांनी. हा सिनेमा मुळात ‘हार्डवायर्ड’ नावाच्या वेगळ्याच पटकथेवरून सुरू झाला. आयझॅक असिमोव्हचं नाव, त्याचे तीन नियम आणि काही पात्रं नंतर येऊन चिकटली. श्रेयनामावलीतसुद्धा ‘आधारित’ म्हणायचं धाडस केलेलं नाही, पुस्तकावरून ‘सुचलेला’ एवढंच म्हटलंय. आणि असिमोव्हनं रोबोंच्या गोष्टी लिहायला घेतल्या त्याच मुळी एका वैतागातून. त्याच्या तरुणपणी प्रत्येक गोष्टीत रोबो शेवटी मालकावर उलटायचा. त्याला याचा कंटाळा आला होता. सुरीला मूठ असते, विजेच्या तारेवर वेष्टण असतं, मग माणूस रोबो बनवेल तर तोही काहीतरी बंदोबस्त करूनच बनवेल, असं त्याचं म्हणणं. म्हणून १९४२ साली त्यानं ते तीन नियम मांडले. आणि त्याच्याच नावाच्या सिनेमात शेवटी काय, तर रोबोंची फौज रस्त्यावर!

“म्हणजे लेक सासरी गेली, आणि नाव तेवढं माहेरचं ठेवलं.”

“नावही ठेवलं आणि हुंड्यातला एक दागिनाही. सिनेमात तो रोबो हजारभर सारख्या रोबोंमध्ये जाऊन लपतो, आठवतं? ते असिमोव्हच्या १९४७ सालच्या एका गोष्टीतलं आहे. पण गोष्टीत तो का लपतो, ते ऐका. अवकाशात एका तळावर शास्त्रज्ञ धोकादायक किरणांत काम करतायत. रोबोंचा पहिला नियम असा की माणसाला इजा करायची नाही, आणि हातावर हात ठेवून इजा होऊही द्यायची नाही. त्यामुळे शास्त्रज्ञ किरणांत गेला की रोबो धावत येऊन त्याला ओढून बाहेर काढतात. कामाचा खोळंबा! मग तळावरच्या साहेबांनी काय केलं, काही रोबोंमधला नियमाचा दुसरा अर्धा भाग गुपचूप काढून टाकला. आणि एक दिवस वैतागलेला एक शास्त्रज्ञ त्यातल्या एका रोबोला म्हणाला, नाहीसा हो इथून. तो झाला नाहीसा. अगदी त्याच्यासारख्याच बासष्ट रोबोंमध्ये जाऊन उभा राहिला.”

काकू हसल्या. “आमच्या ह्यांना मी रोज म्हणते, सरका इथून. एकदाही हलत नाहीत.”

“काकांमध्ये तिन्ही नियम शाबूत आहेत. पण गोष्टीतली मेख बघा. यंत्र बिघडलेलं नाहीच. काम लवकर व्हावं म्हणून माणसांनी सुरक्षेचा नियम अर्धा केला आणि कुणाला सांगितलं नाही. आज कुठल्याही कारखान्यात, कुठल्याही कंपनीत हे घडू शकतं. सिनेमानं ती लपाछपी उचलली, आणि कारण टाकून दिलं.”

“यंत्र घेतलं आणि शंका टाकली,” काकू म्हणाल्या.

इतकी वर्षं मी जे सांगायला धडपडत होते, ते या बाईनं कढीपत्ता खुडता खुडता सांगून टाकलं! विज्ञानकथेतलं यंत्र हे निमित्त असतं. लेखकाला खरी चिंता असते की हे हातात आल्यावर आपण काय करू. सिनेमावाले यंत्र उचलतात कारण ते दिसतं. कंपन्याही यंत्रच उचलतात कारण ते विकता येतं. ती चिंता दोघंही छापखान्यातच सोडून येतात. (मी मात्र न्यायानं बोलेन: त्या सिनेमातला मुख्य संगणक माणसांच्याच भल्यासाठी माणसांना कोंडून ठेवायचं ठरवतो, हा विचार असिमोव्हच्या वळणाचा आहे. पण तो पाच मिनिटं टिकतो आणि मग गोळीबार सुरू होतो.)

एवढ्यात आतून नातू आला. दोन्ही कानांत ती पांढरी बोंडं. काकूंनी काही विचारलं, त्याला ऐकू गेलं नाही, तसाच फाटकाबाहेर गेला.

“याचीही गोष्ट आहे का तुझ्याकडे?”

आहे. १९५३ सालची. रे ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट ४५१’मध्ये नायकाची बायको मिल्ड्रेड रात्री झोपतानाही कानात अंगुस्तानाएवढे छोटे रेडिओ घालून पडलेली असते. नवरा शेजारी असून नसल्यासारखा. दिवाणखान्याच्या तीन भिंती म्हणजे तीन टीव्ही, आणि तिला आता चौथी भिंत हवी आहे. तिची किंमत नवऱ्याच्या वर्षाच्या पगाराच्या एक तृतीयांश. ती पडद्यावरच्या माणसांना घरचीच माणसं म्हणते.

“आमच्या नवीन टीव्हीचे हप्ते अजून अकरा राहिलेत,” काकू हळूच म्हणाल्या.

“तर गंमत अशी की या पुस्तकावर १९६६ साली फ्रान्स्वा त्रुफोनं सिनेमा काढला. पुस्तकात माणसांचा माग काढणारा एक यांत्रिक कुत्रा आहे, आठ पायांचा, सुईनं टोचून मारणारा. दुसरा कुणी असता तर पोस्टरवर तोच कुत्रा छापला असता. त्रुफोनं तो गाळूनच टाकला! आणि सुरुवातीला काय केलं? पुस्तकं जाळणाऱ्या जगातली ही गोष्ट, म्हणून पडद्यावर श्रेयनामावलीचं एक अक्षरही छापलं नाही. घरांवरच्या अँटेना दिसतात आणि कुणीतरी नावं वाचून दाखवतं. वाचता येण्यासारखं काहीच नाही. पुस्तकाचे चाहते त्या कुत्र्यासाठी अजून हळहळतात. मी नाही हळहळत. त्यानं यंत्र टाकलं आणि शंका ठेवली.”

काकूंना पटलं, पण लगेच कबूल करतील तर त्या काकू कसल्या. “ते असू दे. उडत्या मोटारी कुठायत? लहानपणापासून ऐकतेय, दोन हजार साली उडत्या मोटारी येणार. मिरज रोडवरचे खड्डे तरी टळले असते.”

‘ब्लेड रनर’ची तारीख काकूंना सांगितली. १९८२चा सिनेमा, कथा घडते नोव्हेंबर २०१९मध्ये, लॉस एंजेलिसवर मोटारी उडतायत, धूर आणि पाऊस थांबत नाही. तो नोव्हेंबर येऊन गेला. धूर तेवढा आला. मूळ कादंबरी फिलिप के. डिकची. तिच्यात अणुयुद्धानंतर प्राणी जवळजवळ नाहीसे झालेत, त्यामुळे दारात खरी मेंढी बांधलेली असणं ही प्रतिष्ठा. नायकाला खरी परवडत नाही, म्हणून त्यानं गच्चीवर विजेवर चालणारी मेंढी बांधलीय आणि शेजाऱ्यांना कळू नये म्हणून तो जीव मुठीत धरून आहे. सिनेमात ही मेंढी नाही. बिचारा डिक मार्च १९८२मध्ये गेला, आणि सिनेमा जूनमध्ये लागला.

“शेजाऱ्यांना कळू नये म्हणून!” काकूंना हे फारच आवडलं. “मग तो लेखक कॉलनीतच राहत असणार.”

गाडी उडण्यावर आली तशी चंद्रावर जाणं भाग होतं. जूल्स व्हर्नच्या गोष्टी आमच्या पिढीला भा. रा. भागवतांनी मराठीत आणून दिल्या. ‘चंद्रावर स्वारी’ वाचून मी परीक्षेच्या आदल्या रात्री गच्चीत जाऊन बसले होते. मूळ पुस्तक १८६५चं. नऊशे फूट लांबीची तोफ जमिनीत पुरून तिच्यातून तीन माणसांना चंद्राकडे उडवायचं. तोफ कुठे पुरायची यावरून पुस्तकात फ्लोरिडा आणि टेक्सास या दोन राज्यांची जुंपते आणि फ्लोरिडा जिंकते. शंभर वर्षांनी खरोखर तीन माणसं फ्लोरिडातूनच निघाली, आणि त्यांच्याशी बोलणारं नियंत्रण केंद्र मात्र टेक्सासला, ह्यूस्टनला. म्हणजे भांडण मिटवलं म्हणायचं.

“पण तोफेतून उडवलं तर माणसाचा चुरा नाही का होणार?”

“होणारच! आणि हे पहिल्यांदा गणित मांडून बघितलं ते कुणी? व्हर्न वाचून पागल झालेल्या पोरांनीच. रशियात त्सिओल्कोव्स्की, ट्रान्सिल्व्हेनियात ओबर्थ. तोफेनं जमत नाही, मग कशानं जमेल, असं करत करत ते रॉकेटपाशी पोचले. व्हर्ननं बरोबर लिहिलं असतं तर त्यांना काही करायला उरलंच नसतं.”

आणि त्याची खरी भानगड पुढे आहे. १९०१ साली एच. जी. वेल्सनं त्याची चंद्रकथा काढली. तोफ नाही, काही नाही. गुरुत्वाकर्षण अडवणारा एक पदार्थ शोधून काढला, यानाला फासला, निघाले चंद्रावर. म्हातारा व्हर्न भडकला. मी निदान खरी दारू वापरतो, याचा तो पदार्थ कुठाय तो दाखवा म्हणावं, अशा अर्थाचं मुलाखतीत बोलून मोकळा झाला. आणि त्याच सुमारास, १९०२ साली पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएसनं चौदा मिनिटांचा चंद्राचा सिनेमा काढला. त्यात तोफ घेतली व्हर्नची, आणि चंद्राच्या पोटातली माणसं वेल्सच्या वळणाची! दोघांचं पटत नव्हतं, त्यांना यानं एकाच पंगतीला बसवलं. मग अमेरिकेत एडिसनच्या लोकांनी त्या सिनेमाच्या चोरून प्रती काढून पैसे केले आणि मेलिएसच्या हाती फार थोडं लागलं. पायरसी काही आपल्या फुटपाथवर जन्मली नाही.

तिकडे सात वाजले. काकूंच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तशा त्या आत गेल्या, गॅस बारीक करून परत आल्या, आणि त्या संध्याकाळचा सगळ्यात टोकदार प्रश्न त्यांनी विचारला.

“एक सांग. तुझ्या या सगळ्या लोकांनी चंद्र, मंगळ, रोबो सगळं लिहिलं. स्वयंपाकाचं कुणी काही लिहिलं का? माझ्या आयुष्यात फरक पडला तो मिक्सर आणि गॅसनं. चंद्रावर माणूस उतरला तेव्हा आमच्याकडे चूल होती.”

असिमोव्हनं लिहिलंय, मी म्हटलं. १९६४ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये, पन्नास वर्षांनी म्हणजे २०१४ साली जग कसं असेल यावर. बोलताना समोरच्याचा चेहरा दिसेल, हे बरोबर आलं. रोबो असतील पण फारसे नसतील आणि फारसे चांगलेही नसतील, हेही बरोबर. आणि स्वयंपाकघरातली यंत्रं आपोआप जेवण तयार करतील, असंही त्यानं लिहिलं होतं.

“दहा वर्षं होऊन गेली. माझी कणीक अजून मीच मळते.”

“म्हणून मी तुम्हाला बाईनं लिहिलेलं सांगते. आणि ते असिमोव्हच्या साठ वर्षं आधीचं आहे.”

रुकैया सखावत हुसेन. घरात मुलींना इंग्रजी-बंगाली शिकवायची बंदी, भावाकडून रात्री दिवा लावून शिकलेली. लग्न होऊन बिहारात भागलपूरला आलेली. नवरा सरकारी अधिकारी, दौऱ्यावर गेलेला. घरात एकटी बसून वेळ घालवायला म्हणून तिनं इंग्रजीत एक गोष्ट लिहिली, ‘सुलतानाज ड्रीम’. १९०५ साली ती मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये छापून आली. गोष्टीतल्या स्त्रीदेशात बायका राज्य करतात आणि पुरुष पडद्यात, घरात. बायकांच्या विद्यापीठांनी दोन शोध लावलेत. एका विद्यापीठानं ढगांतून नळीनं पाणी उतरवून घेतलंय, दुसऱ्यानं उन्हाची उष्णता साठवायची युक्ती काढलीय. स्वयंपाकघरात कोळसा नाही, धूर नाही, चिमणी नाही. भाज्यांच्या वाफ्यातच स्वयंपाकघर, आणि रांधायला ऊन. शत्रू आला तर त्याच्यावरही तेच ऊन सोडायचं. आणि हो, काकू, उडती गाडीसुद्धा आहे.

काकू एकदम गप्प झाल्या. कढीपत्त्याची फांदी तशीच हातात. “धूर नाही, हे बाईशिवाय कुणाला सुचणार?”

“त्यात एक वाक्य असं आहे, म्हणजे आशय सांगते, की कामाला दोनच तास पुरतात. पुरुषांना सात तास लागायचे, कारण त्यांचा बराचसा वेळ विड्या फुंकण्यात जायचा.”

“काकांना ऐकवते थांब.” त्यांनी मान वळवून आत हाक मारली, पण आत बातम्या लागल्या होत्या.

याच गोष्टीवर २०२३ साली स्पेनच्या इसाबेल हेर्गेरानं रंगचित्रांचा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. स्पेनमधून एक बाई येऊन आपल्या एका बाईच्या एकशेअठरा वर्षं जुन्या गोष्टीवर चित्रपट करते. आपल्याकडच्या निर्मात्यांना त्यात एकही नट नाचवायला जागा सापडली नसावी. आणि उन्हावरच्या स्वयंपाकाचं म्हणाल तर तो बघायला फार लांब जायला नको. शिर्डीला प्रसादालयाच्या छतावर मोठ्या आरशांच्या तबकड्या बसवल्या आहेत, त्या उन्हाकडे तोंड करून वाफ बनवतात, आणि त्या वाफेवर हजारो माणसांचं जेवण शिजतं. काकू दोनदा तिथे जेवून आल्या आहेत. “मी वर बघितलंच नाही ग,” म्हणाल्या. “मी रांग बघत होते.”

रुकैया पुढे कलकत्त्याला गेली, मुलींची शाळा काढली आणि मरेपर्यंत चालवली. बुरखा घालून घरोघर जाऊन मुली गोळा करायची. एवढी यंत्रं कल्पिली, आणि आयुष्य घातलं ते हजेरीपटावर. गोष्टीतलं राज्य बायकांना यंत्रांमुळे मिळालेलं नाहीच, विद्यापीठांमुळे मिळालंय. म्हणून मी तिला या सगळ्या दाढीवाल्यांच्या वर बसवते.

बंगालचा विषय निघाला की सत्यजित राय येतातच. ‘कोई मिल गया’ काकूंनी तीनदा बघितलाय आणि तो ‘ई.टी.’वरून घेतला असं त्यांच्या नातवानं त्यांना सांगून ठेवलंय. मग ‘ई.टी.’ कशावरून, हे मी सांगितलं. राय यांनी १९६२ साली ‘संदेश’ मासिकात ‘बंकुबाबूर बंधू’ ही मुलांसाठी गोष्ट लिहिली. त्यात खेड्यातल्या एका गरीब मास्तराला परग्रहावरचा पाहुणा भेटतो. तिच्याच धाग्यावरून १९६७मध्ये त्यांनी ‘द एलियन’ ही पटकथा केली: बंगालमधल्या तळ्यात यान उतरतं, गावकरी त्याला देऊळ समजून पूजा करायला लागतात, आणि परग्रहावरच्याची दोस्ती होते ती एका पोराशी. कोलंबिया कंपनी तयार, पीटर सेलर्सचं नाव ठरलेलं, आर्थर क्लार्कनं मध्ये पडून ओळखी करून दिलेल्या. मग एका मध्यस्थानं पटकथेच्या प्रतींवर हक्कदार म्हणून स्वतःचंही नाव छापून घेतलं, आणि ते सगळं बारगळलं. पटकथेच्या चक्रमुद्रित प्रती मात्र हॉलिवूडभर फिरत राहिल्या. १९८२ साली ‘ई.टी.’ आला तेव्हा राय यांनी साम्य बोलून दाखवलं. स्पीलबर्गनं साफ नाकारलं. आता खरं काय ते दोघांना माहीत, पण मी पुरावा म्हणून काही मांडत नाही, फक्त एवढंच म्हणते की रायच्या यानाभोवती गाव उभं राहून आरती करत होतं, आणि मला तेच बघायचं होतं.

“आणि तो रजनीकांतचा रोबो?” काकूंना आता एकेकाचं कूळ काढायचं होतं.

त्याच्या मागे सुजाता. हे पुरुषाचं टोपणनाव बरं का, बायकोचं नाव लावून लिहायचे. तमिळ विज्ञानकथेचा राजा. त्यांच्या ‘एन इनिय इयंदिरा’ या कादंबरीत जीनो नावाचा यांत्रिक कुत्रा आहे, माणसांपेक्षा शहाणा. दिग्दर्शक शंकरचा रोबो याच घराण्यातला, संवादांतही सुजातांचा हात. सिनेमा २०१०ला आला, ते २००८मध्येच गेले. पण त्यांचं खरं यंत्र तुम्ही हाताळलंय, काकू. ते बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनिअर होते, आणि मतदान यंत्र बनवण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता.

काकूंनी आपल्या तर्जनीकडे बघितलं. शाई कधीच गेली होती.

“बरं,” त्या म्हणाल्या, “मगाशी मी विचारलं त्याचं उत्तर दिलं नाहीस. सुरूच्या बनात बसून आपल्या कुणाला का नाही सुचलं?”

सुचलं, काकू, आणि तेही चोरून. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथेची स्पर्धा ठेवली होती. तिच्यात नारायण विनायक जगताप नावाच्या कुणा नवख्याची ‘कृष्णविवर’ ही कथा आली. हस्ताक्षर बाईचं. पहिलं बक्षीस मिळालं. आणि मग कळलं की जगताप नावाचा माणूसच नाही. जयंत विष्णु नारळीकर ही आद्याक्षरं उलटी केली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली, आणि पाठवून दिली. केंब्रिजला फ्रेड हॉइलबरोबर काम करून जगभर नाव झालेला माणूस, आणि त्याला हवं होतं ते नाव झाकून मिळालेलं बक्षीस! पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या वाटेची दखल घेतली.

“कऱ्हाडला? मग आपल्या घरातलीच गोष्ट की.”

“आणि जन्म कोल्हापूरचा. मग तर घरातलेच.”

२०२५च्या मे महिन्यात नारळीकर गेले तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर कृष्णविवरांची चित्रं फिरली. त्यांच्या कथांत अवकाशयानं आहेत, विषाणू आहेत, परग्रहावरून आलेली देणगी आहे. या सगळ्याला खर्च येतो, आणि मराठी निर्माता खर्च म्हटलं की घाम पुसतो, हे मला मान्य आहे. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७ साली पडद्यावर आला, नारायण धारपांच्या भयकथेचा धागा हिंदीत ‘तुंबाड’मध्ये गेला. विज्ञानकथेच्या वाट्याला मात्र तेवढं आलं नाही. पण मी एका कथेचं नाव घेते, जिला एक रुपयाचंही यान लागत नाही. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’.

काकूंना माहीत नव्हती. नातवाला माहीत असणार, कारण एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात ‘द अ‍ॅडव्हेंचर’ नावानं ती धडा म्हणून आहे. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे. पानिपतावर मराठे जिंकले असते तर काय झालं असतं, हा त्यांच्या डोक्यातला भुंगा. एका अपघातात ट्रकची धडक बसते आणि ते जाऊन पडतात अशा जगात, जिथे मराठे खरोखर जिंकलेत. पुण्याहून गाडीनं मुंबईला येतात, तर मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. मुलाच्या कचेरीत चौकशी करतात, त्या नावाचं तिथे कुणी नाही. मग बिचारे ग्रंथालयात जाऊन बसतात आणि इतिहासाचं एकेक पुस्तक वाचत पानिपतापर्यंत येतात. १४ जानेवारी १७६१ला आपल्या जगात विश्वासरावांना गोळी लागली, त्यांचे प्राण गेले आणि सैन्याचा धीर खचला. त्या जगातल्या बखरीच्या पानावर गोळी कानाजवळून निघून गेली. तेवढाच फरक. बाकी सगळं जग त्या एका गोळीपासून वेगळं फुटत गेलेलं.

“मग?”

“मग संध्याकाळी आझाद मैदानावर एक व्याख्यान चाललेलं असतं. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी. गंगाधरपंत हजारभर सभांचे अध्यक्ष झालेले, त्यांना रिकामी खुर्ची बघवत नाही, जाऊन बसतात. आणि त्या जगात लोकांनी अध्यक्ष ही भानगडच कधीची बंद केलेली! लोक टोमॅटो, अंडी काय हाताला येईल ते फेकून मारतात.”

काकू भिंतीला धरून हसत राहिल्या. मराठी माणसानं मराठी माणसाची इतकी प्रेमानं उडवलेली टोपी मला दुसऱ्या विज्ञानकथेत सापडलेली नाही. आणि या कथेत शंका केवढी आहे! आपण जिंकलो असतो तर, असं आपण दर पाच मिनिटांनी म्हणतो, आणि जिंकलेल्या जगात आपल्या मुलाचं नावही कुणाला ठाऊक नसेल, हे नारळीकरांनी एका कचेरीच्या काउंटरवर उभं करून दाखवलं.

म्हणून मराठी निर्मात्यांना उघड विनंती. एक आगगाडी, एक जुनं ग्रंथालय, एक मैदान, एक प्राध्यापक, एवढंच सामान आहे. शेवटी ढोल-ताशा आणि तलवारबाजी घालून पानिपत जिंकून दाखवू नका. बखरीचं पान आणि ती रिकामी खुर्ची मात्र जशीच्या तशी राहू द्या. टोमॅटो काकू देणार आहेत, परसात भरपूर आलेत.